राजनैतिक विशेषाधिकार आणि इम्युनिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. वर्षभर निरनिराळ्या लोकांचे प्रश्न येत राहतात. त्यात स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, मुंबईत फ्लॅट भाड्याने देणारे घरमालक असतात, आणि परदेशात साहेबांच्या घरी कामाला गेलेल्या बाईची बहीणही असते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपली वर्तमानपत्रं कधी ‘राजनैतिक संरक्षण’ लिहितात, कधी ‘राजनैतिक सूट’. बोलताना सगळे इम्युनिटीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवला आहे.

१. इम्युनिटी आहे म्हणजे त्या माणसाला आपला कायदा लागूच होत नाही का?

होतो. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४१ स्पष्ट सांगतं की ज्या देशात नेमणूक झाली आहे, त्या देशाचे कायदे पाळणं हे या अधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. दारू पिऊन गाडी चालवणं राजदूतासाठीही गुन्हाच आहे. फक्त यजमान देशाचे पोलीस त्याला अटक करू शकत नाहीत (कलम २९) आणि तिथलं न्यायालय त्याच्यावर खटला चालवू शकत नाही (कलम ३१). गुन्हा जागच्या जागी राहतो, न्यायालयाचं दार मात्र बंद असतं.

त्या दाराची किल्ली कोणाकडे, हे नीट लक्षात घ्या. ती अधिकाऱ्याच्या खिशात नसते, त्याला पाठवणाऱ्या देशाकडे असते. कराराच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे की या सवलती व्यक्तीच्या फायद्यासाठी नाहीत, दूतावासाचं काम नीट चालावं यासाठी आहेत. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका मुद्द्यावर उभी आहेत.

२. हे नियम मुळात आले कुठून? पाश्चात्त्य देशांनी लादले का?

दूताला मारू नये हा नियम लेखी करारांपेक्षा फार जुना आहे. सुंदरकांडात रावण हनुमानाला मारायला निघतो, तेव्हा बिभीषण त्याला थांबवतो तो याच कारणाने: दूत अवध्य असतो. मराठी राज्यात दूताला ‘वकील’ म्हणत. पेशव्यांच्या वतीने दिल्ली दरबारी हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वकिली केली. परदेशी कचेरीसाठी आपण आजही ‘वकिलात’ म्हणतो, तो शब्द त्याच परंपरेतला.

लेखी कायद्याची गोष्ट मात्र लंडनला सुरू होते. १७०८ मध्ये रशियाचा राजदूत आंद्रेई मात्वेयेव याला सावकारांनी कर्जापायी भर रस्त्यात गाडीतून ओढून अटकेत टाकलं. झार पीटर संतापला, राणी अॅनच्या सरकारला माफी मागावी लागली आणि ब्रिटिश संसदेने दूतांना संरक्षण देणारा कायदाच केला. आजचा व्हिएन्ना करार १८ एप्रिल १९६१ चा. तो १९६४ मध्ये अमलात आला, भारत त्यात १९६५ मध्ये सामील झाला आणि १९७२ च्या कायद्याने आपण तो देशांतर्गत लागू केला. जगातले जवळजवळ सगळे देश त्यात आहेत. याचं कारण साधं आहे: प्रत्येक देश एकाच वेळी यजमानही असतो आणि पाहुणाही.

३. दूतावासाची जागा म्हणजे त्या देशाची भूमी ना? तिथे जन्मलेल्या मुलाला त्यांचं नागरिकत्व मिळतं का?

जागा यजमान देशाचीच असते. चाणक्यपुरीतला कोणताही दूतावास भारताच्या भूमीवर आहे आणि तिथे झालेला जन्म भारतात झालेलाच धरला जातो. नागरिकत्व ज्या त्या देशाच्या नागरिकत्व कायद्याने ठरतं, इमारतीवर फडकणाऱ्या झेंड्याने ठरत नाही.

कलम २२ ने दिलेली गोष्ट वेगळी आहे: दूतावास प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. याला अपवादच नाही. आग लागली तरी करारात सूट लिहिलेली नाही. १७ एप्रिल १९८४ रोजी लंडनमध्ये लीबियाच्या दूतावासाच्या खिडकीतून निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २५ वर्षांची एक महिला पोलीस ठार झाली. ब्रिटिश पोलिसांनी इमारतीला ११ दिवस वेढा घातला, पण ते आत शिरले नाहीत. आतली सगळी माणसं इम्युनिटीसह देश सोडून गेली. मनाला न पटणारी गोष्ट आहे ही. वर्गात सांगितली की दरवर्षी कोणीतरी मूल चिडून उभं राहतं. मग मी त्यांना तेहरान सांगते. ४ नोव्हेंबर १९७९ ला तिथला अमेरिकी दूतावास जमावाने ताब्यात घेतला, इराण सरकारने त्या कृत्याला पाठिंबा दिला आणि ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. दूतावासात हेरगिरी चालते, असं इराण म्हणत होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० मध्ये उत्तर दिलं की तसं असेल तर अधिकाऱ्यांना हाकला, संबंध तोडा. कायद्याने तो उपाय दिलेलाच आहे, पण दार फोडण्याचा अधिकार दिलेला नाही.

अलीकडचं उदाहरण ५ एप्रिल २०२४ चं. इक्वेडोरच्या पोलिसांनी माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्हे ग्लास यांना पकडण्यासाठी कीटोमधल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसखोरी केली. मेक्सिकोने लगेच संबंध तोडले आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं.

४. मग कोणीही दूतावासात जाऊन आश्रय घेऊ शकतं?

आत घेतलं तर पोलीस आत येत नाहीत, एवढंच. असा आश्रय देण्याचा सर्वसाधारण हक्क व्हिएन्ना करारात नाही. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी त्यासाठी आपसांत वेगळा करार केलेला आहे. ज्युलियन असांज जून २०१२ मध्ये लंडनच्या इक्वेडोर दूतावासात शिरले, त्यानंतर जवळजवळ ७ वर्षं त्यांना बाहेर पडता आलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये इक्वेडोरने आश्रय काढून घेतला, पोलिसांना स्वतः आत बोलावलं आणि असांज यांना अटक झाली.

५. मुंबईत इतक्या परदेशी कचेऱ्या आहेत. त्यांच्या अधिकाऱ्यांनाही राजदूताइतकंच संरक्षण असतं का?

नसतं, आणि हा फरक मोठा आहे. दूतावास राजधानीत, म्हणजे दिल्लीत असतात. वांद्रे-कुर्ला संकुलात व्हिसासाठी जिथे रांग लागते, ते वाणिज्य दूतावास, म्हणजे कॉन्सुलेट. त्यांना १९६३ चा वेगळा व्हिएन्ना करार लागू होतो. रस्त्यावर निळ्या नंबरप्लेटवरूनही ओळखता येतं: दूतावासाच्या गाडीवर ‘सीडी’, कॉन्सुलेटच्या गाडीवर ‘सीसी’, संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर ‘यूएन’.

कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याला संरक्षण असतं ते फक्त कामकाजाचा भाग म्हणून केलेल्या कृतींपुरतं. गंभीर गुन्हा असेल आणि सक्षम न्यायालयाने आदेश दिला असेल, तर त्याला अटक होऊ शकते. इमारतीचा कामासाठी वापरला जाणारा भाग सुरक्षित असतो, पण आग लागली तर परवानगी मिळाली आहे असं गृहीत धरून अग्निशमन दल आत जाऊ शकतं. दूतावासात तेही चालत नाही.

६. देवयानी खोब्रागडे प्रकरणात नेमकं काय झालं? त्यांना इम्युनिटी होती की नव्हती?

आधी नव्हती, मग मिळाली. म्हणूनच हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे, आणि महाराष्ट्रातल्या अधिकारी असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न वारंवार येतो.

डिसेंबर २०१३ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये उपमहावाणिज्यदूत होत्या. घरकामासाठी भारतातून नेलेल्या महिलेच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिली, असा आरोप ठेवून १२ डिसेंबरला त्यांना अटक झाली. कपडे उतरवून झडती घेतली गेली आणि भारतात संतापाची लाट उसळली. दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे सिमेंटचे अडथळे हटवले गेले, त्यांच्या कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्यांना दिलेली खास ओळखपत्रं परत मागवली गेली.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर त्या कॉन्सुलेटमध्ये होत्या, म्हणजे संरक्षण फक्त कामकाजापुरतं (प्रश्न ५). घरच्या मदतनिसाचा पगार हे कॉन्सुलेटचं कामकाज नव्हे, असं अमेरिकेचं म्हणणं. भारताचा आक्षेप होता की हा अटक करण्याइतका ‘गंभीर गुन्हा’च नाही. त्यानंतर भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कायमस्वरूपी कचेरीत केली. ८ जानेवारी २०१४ ला अमेरिकेने त्या नेमणुकीला मान्यता दिली आणि त्याच क्षणी त्यांना पूर्ण राजनैतिक इम्युनिटी मिळाली. दुसऱ्याच दिवशी आरोपपत्र दाखल झालं आणि त्या मायदेशी निघाल्या. १२ मार्चला न्यायाधीशांनी ते आरोपपत्र रद्द केलं: ज्या दिवशी ते दाखल झालं, त्या दिवशी त्यांना पूर्ण इम्युनिटी होती. दोनच दिवसांनी सरकारी पक्षाने नवं आरोपपत्र दाखल केलं, कारण अमेरिका सोडल्यावर ती इम्युनिटी संपली होती.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. तशा झडतीची काहीच गरज नव्हती, ती अपमानास्पद होती. पण त्या गदारोळात पगाराची तक्रार करणारी बाई जवळजवळ विस्मरणात गेली, हेही मला खटकतं. तिच्यासारख्यांच्या हक्काबद्दल प्रश्न १४ पाहा.

७. राजदूताची बायको-मुलं, ड्रायव्हर, स्वयंपाकी, शिपाई यांना काय मिळतं?

उतरंड आहे. सोबत राहणारं कुटुंब यजमान देशाचं नागरिक नसेल तर त्याला अधिकाऱ्याइतकंच संरक्षण असतं. कारकून, संगणकतज्ज्ञ अशा तांत्रिक आणि प्रशासकीय कर्मचाऱ्यांना फौजदारी बाबतीत पूर्ण, दिवाणी बाबतीत फक्त कामापुरतं. दूतावासाच्या ड्रायव्हर-स्वयंपाक्यांना केवळ कामापुरतं. अधिकाऱ्याने खासगी ठेवलेल्या नोकराला पगारावरच्या करात सूट मिळते, त्यापलीकडे जवळजवळ काहीच नाही. आणि दिल्लीतल्या परदेशी दूतावासात नोकरी करणारा भारतीय माणूस भारतीय कायद्यासमोर तुमच्या-आमच्यासारखाच असतो.

८. समजा त्याने खून किंवा बलात्कार केला. तरीही हात बांधलेलेच?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी त्यातला राग मला रास्त वाटतो. यजमान देश तीन गोष्टी करू शकतो: इम्युनिटी सोडा अशी मागणी, देशातून हकालपट्टी (प्रश्न ९), आणि त्याच्याच देशात खटला चालवण्याचा आग्रह. कलम ३१ म्हणतं की यजमान देशात सुटला म्हणून मायदेशात सुटत नाही.

मागणी मान्य झाल्याची उदाहरणं आहेत. जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या दूतावासातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने दारूच्या नशेत गाड्यांना धडक दिली आणि १६ वर्षांची मुलगी गेली. जॉर्जियाने त्याची इम्युनिटी काढून घेतली. त्याने गुन्हा कबूल केला, ७ ते २१ वर्षांची शिक्षा झाली. इम्युनिटी देशाची असते म्हणजे काय, ते इथे दिसतं: त्या अधिकाऱ्याला विचारायची गरजच नव्हती.

न मानल्याचीही आहेत. २०१५ मध्ये गुरुग्राममध्ये दोन नेपाळी महिलांना डांबून त्यांच्यावर अत्याचार केल्याचा आरोप सौदी दूतावासातल्या एका अधिकाऱ्यावर झाला. पोलिसांना मदत करा, अशी विनंती आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या दूतावासाला केली होती. तो इम्युनिटीच्या आधारे भारत सोडून गेला. त्या महिलांच्या बाजूने पाहिलं की या कायद्याची किंमत कोण मोजतं, ते कळतं.

तिसरं उदाहरण पळवाटेचं. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉटन इथल्या हवाई तळाबाहेर चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीने १९ वर्षांच्या मोटरसायकलस्वाराचा जीव घेतला. चालक अमेरिकी कर्मचाऱ्याची पत्नी होती. त्या तळावरच्या कर्मचाऱ्यांची कामाबाहेरच्या गुन्ह्यांपुरती इम्युनिटी अमेरिकेने आधीच सोडलेली होती, पण त्या समझोत्यात कुटुंबीयांचा उल्लेख राहून गेला होता. म्हणजे नवऱ्यापेक्षा बायकोला जास्त संरक्षण! त्या मायदेशी निघून गेल्या. २०२० मध्ये दोन्ही देशांनी ती फट बुजवली. २०२२ मध्ये त्यांनी व्हिडिओद्वारे गुन्हा कबूल केला आणि ८ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. मुलाच्या आई-वडिलांनी तीन वर्षं पाठपुरावा केला नसता तर एवढंही झालं नसतं.

९. ‘पर्सोना नॉन ग्राटा’ म्हणजे काय? हाकलण्याचं कारण द्यावं लागतं का?

‘नकोशी व्यक्ती’. कलम ९ प्रमाणे यजमान देश कधीही, कारण न देता कोणत्याही राजनैतिक अधिकाऱ्याला नकोसा ठरवू शकतो. त्याच्या देशाने त्याला वाजवी मुदतीत परत बोलवायचं. नाही बोलावलं तर त्याला अधिकारी मानायचं यजमान देश थांबवू शकतो, आणि मग इम्युनिटीही जाते.

बहुतेक वेळा उत्तरादाखल तितक्याच लोकांची हकालपट्टी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत आणि कॅनडाने एकाच दिवशी एकमेकांचे सहा-सहा अधिकारी काढले. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेली गोष्ट मात्र वेगळी होती. भारताने कोणाला नकोसं ठरवलं नाही, संख्या समान करा असं सांगितलं आणि कॅनडाने ४१ अधिकारी परत नेले. भारताचा आधार कलम ११, ज्यात दूतावासाचा आकार ‘वाजवी’ ठेवायला सांगता येतं. हा कराराचा भंग आहे, असं कॅनडाचं म्हणणं होतं. परीक्षेत लिहिताना ९ आणि ११ ही कलमं एकमेकांत मिसळू नका.

१०. डिप्लोमॅटिक बॅग उघडता येत नाही, मग केरळमधलं सोनं कसं पकडलं?

कलम २७ नुसार ही बॅग उघडता येत नाही आणि अडवूनही ठेवता येत नाही. बॅग म्हणजे पिशवीच असायला हवी असं नाही, लाकडी पेटी किंवा कंटेनरही चालतो. पण तिच्यावर बाहेरून दिसेल अशी अधिकृत खूण हवी आणि आत फक्त कागदपत्रं किंवा कामाच्या वस्तू हव्यात. १९८४ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना बेशुद्ध करून पेटीत घालून पाठवलं जात होतं. पेटीवर आवश्यक त्या खुणा नव्हत्या, त्यामुळे ती उघडता आली आणि माणूस वाचला.

जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरम विमानतळावर संयुक्त अरब अमिरातीच्या कॉन्सुलेटच्या नावे आलेल्या सामानात ३० किलो सोनं सापडलं. पत्ता कॉन्सुलेटचा होता, आणि तिथेच सगळा फरक पडतो. कॉन्सुलेटच्या बॅगेबद्दल गंभीर संशय असेल तर १९६३ च्या करारानुसार त्यांच्या प्रतिनिधीसमोर ती उघडा, असं सांगता येतं. त्यांनी नकार दिला तर बॅग आली तिथे परत जाते. तिरुवनंतपुरमला ती कॉन्सुलेटच्या प्रतिनिधीसमोरच उघडली गेली.

११. माझा फ्लॅट परदेशी अधिकाऱ्याला भाड्याने दिला आहे. भाडं थकवलं तर दावा लावता येईल का?

आधी करारनामा काढा आणि भाडेकरू म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा: अधिकाऱ्याचं स्वतःचं, की त्याच्या सरकारचं? मुंबईतले बहुतेक भाडेकरू कॉन्सुलेटचे असतात. अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, देशाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, असा करार केला असेल तर त्या करारावरच्या दिवाणी दाव्यात १९६३ चा करार त्याला संरक्षण देत नाही. दूतावासाच्या अधिकाऱ्याचं तसं नाही. त्याच्या बाबतीत खासगी स्थावर मालमत्तेचा अपवाद आहे खरा, पण तो मालकी-ताब्याच्या वादासाठी समजला जातो. नुसत्या थकीत भाड्यासाठी त्यावर विसंबू नका.

भाडेकरू परदेशी सरकार किंवा राजदूत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ आडवं येतं: दाव्याआधी केंद्र सरकारची लेखी संमती लागते. ती मिळत नाही म्हणून लोक मुळात अर्जच करत नाहीत. तसं करू नका. अल्जीरियाच्या दूतावासाच्या इमारतीचं काम केलेल्या एका कंत्राटदाराचे पैसे थकले, केंद्राने ‘राजकीय कारण’ सांगून संमती नाकारली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं. व्यवहार व्यापारी असेल तर नागरिकाला असं मोकळ्या हाती परत पाठवता येत नाही. याच कलमात उलट बाजूचा एक अपवादही आहे: परदेशी सरकार घरमालक असेल आणि तुम्ही भाडेकरू, तर संमतीची गरज नाही.

दाव्यापूर्वी वकिलातीच्या प्रमुखाला पत्र लिहा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाला प्रत पाठवा. पुष्कळ बाकी तिथेच वसूल होते.

१२. निळ्या प्लेटच्या गाडीने धडक दिली तर भरपाई मिळते का? आणि पार्किंगचा दंड?

प्लेटवरची अक्षरं लिहून ठेवा. ‘सीसी’ असेल तर वाहन अपघाताच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा १९६३ च्या करारानेच मोकळा ठेवला आहे. ‘सीडी’ असेल तर तसा अपवाद नाही, पण गाडीचा विमा असतो आणि भरपाई देण्याची कुवत विमा कंपनीकडे असते. एफआयआर आणि पंचनामा दोन्ही प्रकारांत करून घ्याच. इम्युनिटीमुळे खटला अडतो, नोंद अडत नाही.

दंडाचं म्हणाल तर भरणं कर्तव्य आहे, वसुली करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९७ ते २००२ या काळात राजनैतिक गाड्यांचे दीड लाखांहून जास्त दंड थकले होते. मग थकबाकीदार देशाच्या मदतीतून रक्कम कापण्याची आणि खास नंबरप्लेट काढून घेण्याची तरतूद झाली आणि नियम मोडणं झपाट्याने कमी झालं.

१३. माझ्याकडे डिप्लोमॅटिक पासपोर्ट आहे. मग इम्युनिटी आलीच ना?

नाही. मरून रंगाचा तो पासपोर्ट हे प्रवासाचं कागदपत्र आहे. काही देशांत त्यावर व्हिसा लागत नाही, एवढाच लाभ. आपल्या खासदारांनाही तो मिळतो. इम्युनिटी येते ती नेमणुकीतून: पाठवणाऱ्या देशाने कळवायचं आणि यजमान देशाने स्वीकारायचं. नेमणुकीच्या ठिकाणी जाता-येता वाटेतल्या तिसऱ्या देशातही संरक्षण मिळतं (कलम ४०). त्याच पासपोर्टवर सुट्टीला बँकॉकला गेलात तर तुम्ही साधे पर्यटक.

१४. माझी बहीण परदेशात एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी कामाला आहे. पगार देत नाहीत, पासपोर्ट काढून घेतला आहे. काही करता येईल का?

येईल. आधी हे पक्कं समजा की पासपोर्ट काढून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. तिला तिथल्या भारतीय वकिलातीशी संपर्क करायला सांगा. भारतीय नागरिक म्हणून तो तिचा हक्क आहे. शक्य असेल तर करारनाम्याचा, पगाराच्या नोंदींचा आणि मेसेजचा फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा.

कायदाही हळूहळू तिच्या बाजूला सरकतो आहे. कलम ३१ मध्ये एक अपवाद आहे: अधिकाऱ्याने कामाबाहेर केलेला व्यापारी किंवा व्यावसायिक उद्योग. घरी बाई ठेवणं म्हणजे व्यापार नव्हे, असंच न्यायालयं म्हणत आली होती. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी वेगळा निकाल दिला. आरोप असा होता की बाईला घरात कोंडून, रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवून, जवळजवळ बिनपगारी ठेवलं होतं. न्यायालय म्हणालं की हे खरं असेल तर ती नोकरी उरत नाही. फुकटच्या श्रमातून अधिकारी पैसे वाचवतो, तो त्याचा नफाच आहे आणि त्याला इम्युनिटी नाही. हा निकाल ब्रिटनपुरता आहे आणि इतर देशांची न्यायालयं त्याला बांधील नाहीत. तरी मला गेल्या काही दशकांतलं या कायद्यातलं सगळ्यात न्याय्य पाऊल तेच वाटतं.

अधिकाऱ्याची बदली झाली तरी दार पूर्ण बंद होत नाही, प्रश्न १५ पाहा.

१५. नेमणूक संपल्यावर जुन्या गोष्टींसाठी पकडता येतं का?

खासगी कृत्यांसाठी येतं. देश सोडेपर्यंत, किंवा त्यासाठी दिलेली वाजवी मुदत संपेपर्यंत संरक्षण टिकतं. त्यानंतर फक्त कार्यालयीन कृतींपुरतं उरतं, ते मात्र कायमचं (कलम ३९). खोब्रागडे प्रकरणातलं दुसरं आरोपपत्र यावरच उभं होतं.

१६. सर्वोच्च न्यायालयाने इटलीच्या राजदूताला भारत सोडायला मनाई केली होती. ते योग्य होतं का?

फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एन्रिका लेक्सी जहाजावरच्या दोन इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार ठार झाले. पुढच्या वर्षी निवडणुकीत मतदानासाठी त्या दोघांना इटलीला जाऊ दिलं गेलं. ते परत येतील, अशी हमी राजदूत डॅनिएले मॅन्चिनी यांनी प्रतिज्ञापत्रावर दिली. मार्च २०१३ मध्ये इटलीने शब्द फिरवला आणि न्यायालयाने राजदूतालाच देश सोडायला मनाई केली.

न्यायालयाचा विचार असा होता की जो स्वतःहून न्यायालयात येऊन हमी देतो, त्याने इम्युनिटी सोडलीच. पण कलम ३२ नुसार इम्युनिटी सोडायची तर ती पाठवणाऱ्या देशाने आणि स्पष्ट शब्दांत सोडावी लागते. त्यांना रोखणं कराराला धरून नव्हतं, असं माझं मत आहे. मच्छीमारांच्या घरच्यांचं दुःख समजूनही मी ते बदललेलं नाही. उद्या दुसऱ्या देशाने आपल्या राजदूताला असंच रोखलं तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार? नौसैनिक २२ मार्चला परतले आणि पेच सुटला. पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने त्या दोघांना सरकारी सेवक म्हणून भारतीय खटल्यापासून इम्युनिटी असल्याचं ठरवलं, पण भारताला भरपाईचा हक्कही दिला. १० कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं.

१७. कुलभूषण जाधव यांना इम्युनिटी होती का?

नाही, आणि भारताने तसा दावाही केला नव्हता. तिथला मुद्दा होता वाणिज्यदूतांच्या भेटीचा. १९६३ च्या कराराचं कलम ३६ म्हणतं की परदेशी माणसाला अटक केली तर त्याला त्याच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क विनाविलंब सांगायचा आणि तिच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून हा हक्क जातो, हा पाकिस्तानचा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मताने फेटाळला आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. हा हक्क परदेशात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलालाही आहे. अटक झालीच तर पहिलं वाक्य तेच बोलायचं: मला भारतीय वकिलातीशी बोलायचं आहे.

१८. पुण्यातल्या म्हात्रे पुलाचा या विषयाशी संबंध आहे, असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. तो पूल रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा आहे. बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीतले हे अधिकारी ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन बसने घरी निघाले होते. बसमधून उतरल्यावर काश्मिरी फुटीरतावाद्यांनी त्यांचं अपहरण केलं आणि काही दिवसांतच त्यांची हत्या केली. इम्युनिटीची दुसरी बाजू इथे दिसते. या अधिकाऱ्यांवर हल्ला होऊ नये म्हणून योग्य ती सगळी पावलं उचलणं हे यजमान देशाचं कर्तव्य आहे, आणि दोन्ही व्हिएन्ना करारांत ते लिहिलेलं आहे.

१९. दोन देशांत युद्ध झालं तर दूतावासाचं काय होतं?

युद्ध असलं तरी अधिकाऱ्यांना सुखरूप जाऊ द्यावं लागतं, इमारत आणि कागदपत्रं जपावी लागतात. तिसऱ्या देशावर काम सोपवता येतं. १९७१ च्या युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान या दोघांचंही एकमेकांकडचं काम १९७६ पर्यंत स्वित्झर्लंड पाहत होता.

२०. आमच्या ओळखीचे एक उद्योजक एका देशाचे ‘मानद कॉन्सुल’ आहेत. त्यांना काय काय मिळतं?

ते भारतीय नागरिक असतील तर फार थोडं. कॉन्सुल म्हणून केलेल्या कामासाठी इम्युनिटी मिळते, पण त्यांचा कारखाना, घर, गाडी, प्राप्तिकर सगळं नेहमीसारखंच. फौजदारी प्रकरणात समन्स आलं तर हजर व्हावं लागतं, फक्त पदाचा मान राखून कामकाज चालवायचं असतं. कॉन्सुलेटचे कागद सुरक्षित राहतात, तेही एका अटीवर: ते धंद्याच्या आणि खासगी कागदांपासून वेगळे ठेवलेले हवेत. एकाच कपाटात जीएसटीच्या फायलींशेजारी व्हिसाच्या फायली ठेवल्या असतील, तर आधी दुसरं कपाट आणायला सांगा.